उलटलेली छत्री

आमच्या दादाचा दुर्गुण आधी सांगते, बाकीचं मग. त्याला चूक कबूल करता येत नाही. लहानपणी त्याच्या हातून कपाची दांडी तुटली की कप आधीपासूनच तडकलेला असायचा. मोठा झाला, फ्रेमचं दुकान काढलं, दिवसभर काचा कापायला लागला, तरी तेच. गिऱ्हाईक परत आलं आणि म्हणालं की फ्रेम तिरकी दिसते, तर हा शांतपणे विचारणार, भिंत सरळ आहे का बघितलंत? बरं, त्याचं काम खरंच चोख, त्यामुळे बहुतेक वेळा भिंतच तिरकी निघायची. तिथेच घात झाला.

वहिनी गेल्यावर मी चार दिवसांसाठी दुकान सांभाळायला आले ती राहिलेच. पुढे काउंटरवर मी, मागे पडद्याआड दादा. मागच्या खोलीत लाकडाच्या पट्ट्या उंचीप्रमाणे कोपऱ्यात उभ्या, टेबलाखाली भुसा, आणि खिडकीपाशी एक छोटं टेबल फक्त त्याच्या डब्यांचं. त्या टेबलाला हात लावायची मला बंदी होती. मी लावायचे, ती गोष्ट वेगळी.

आता डबे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही पहिली दोन वर्षं हा वेडेपणा कळला नव्हता. मोठ्या माणसांची लपाछपी समजा. एक घट्ट झाकणाचा छोटा डबा घ्यायचा. त्यात रबरावर हाताने कोरलेला एक ठसा आणि एक कोरी वही ठेवायची. मग तो डबा कुठेतरी दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, पायऱ्यांखाली लपवायचा आणि तिथवर पोचायच्या खुणा कोड्यात लिहून या वेडातल्या लोकांना द्यायच्या. शोधायला जाणाऱ्याकडे स्वतःचा ठसा आणि स्वतःची वही असते. डबा सापडला की त्यातला ठसा आपल्या वहीत उठवायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत उठवायचा, आणि डबा होता तसा ठेवून घरी यायचं. बक्षीस काय? काही नाही. मी दादाला म्हणाले होते, एवढी पायपीट करून हातात शाईचा डागच ना? तो म्हणाला, हो, पण दोन वह्यांत.

लपवणं सोपं असतं. खरा व्याप सांभाळण्याचा. ज्याचा डबा त्याने महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन बघायचं, पाणी शिरलं का, मुंग्या झाल्या का, उंदरांनी झाकण कुरतडलं का. वही ओली झाली तर वाळवायची, ठसा चिकट झाला तर धुवायचा, आणि डबा गेलाच असेल तर लगेच सगळ्यांना कळवायचं, म्हणजे कोणी उगाच हेलपाटा घालत नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत मोठा. दादा ओल्या वह्या टिपकागदात घालून काचांच्या थप्पीखाली दाबून ठेवायचा. इस्त्री केल्यासारखी पानं निघायची. त्याचा एकही डबा कधी हरवला नव्हता. लोक त्याला चौकीदार म्हणायचे. कोणी गाव सोडून निघालं की आपला डबा दादाच्या गळ्यात घालून जायचं, आणि याची छाती आणखी फुगायची.

आमच्या समोर रस्त्यापलीकडे एक इस्त्रीवाला आहे. तोही या वेडातला. त्याचा पुलाखालचा डबा गेला आणि त्याने ते कळवायला उशीर केला, बिचारा लाजला असेल. पुढच्या सुट्टीला मंडळी आमच्या दुकानात जमली होती. सगळ्यांसमोर दादा त्याला म्हणाला, "ज्याला डबा सांभाळता येत नाही, त्याने तो लपवू नये." उचलली जीभ लावली टाळ्याला. इस्त्रीवाला चहाचा कप खाली ठेवून गेला. पुन्हा आला नाही. त्यानंतर दादा रस्त्यावर दिसला की तो इस्त्री उलटी धरून तिचा तळ पुसत बसायचा.

आता बाई. या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. दादाला खोडरबरावर कोरायला त्यांनीच शिकवलं, आणि हे डब्यांचं खूळही त्यांचंच. त्यांचा डबा कालव्याच्या कडेच्या दगडी भिंतीत होता. ठसा बगळ्याचा. एका पायावर उभा, आणि चोचीचं टोक जरासं मोडकं, कारण कोरताना बाईंचा चाकू घसरला होता. बाईंनी तो दुसऱ्यांदा कोरला नाही. म्हणाल्या होत्या, असू दे, याने दगडावर चोच आपटली असेल. पुढे बाई घरात पाय घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं, आणि खाटेला खिळल्या. घरी सांभाळायला एक भाची, ती नोकरी करून सगळं करणारी. डबा दादाकडे आला. बाई म्हणाल्या, मी आता बगळ्यासारखी एका पायावर आहे, तेव्हा त्याच्याकडे तुम्ही बघा.

दादा दर महिन्याला डब्यातली वही नेऊन त्यांना दाखवायचा आणि परत नेऊन ठेवायचा. कालव्याच्या त्या वाटेने फारसं कोणी जात नसे. कधी एखादा ठसा, कधी तोही नाही. पण बाई वाट बघायच्या.

मग त्या भिंतीचं काम निघालं. ढासळलेले दगड काढून पुन्हा बसवणार होते. दादा आदल्या दिवशी गेला, डबा काढला, आणि चार दिवसांपुरता म्हणून जवळच कुठेतरी सरकवला. तो प्रत्येक डब्याच्या खुणा लिहून ठेवणारा माणूस. पण चार दिवसांसाठी कोण खुणा लिहितो? आणि लक्षात ठेवायला तो स्वतः होताच ना. घरी आला तो तापाने फणफणत. पुरे दोन आठवडे अंथरुणात. भिंतीचं काम रेंगाळलं. उठून तिथे गेला तेव्हा आसपासची झुडपं तोडलेली, दगडांचे ढीग हललेले, आणि याच्या डोक्यात त्या जागेचं चित्रच नाही. पूल आठवला, तिथे नव्हता. मोडकं बाक आठवलं, तिथे नव्हता. जगाला कोडी घालणारा माणूस आपल्याच हाताने लपवलेल्या डब्यापुढे आंधळा झाला.

तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिकडे जायला लागला. मला वाटलं, फिरायला जातो. बूट चिखलाने भरलेले असायचे आणि तोंड उतरलेलं. मी विचारलं तर म्हणायचा, डबे बघून आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा काखेतसुद्धा उरला नव्हता.

नियम काय होता? हरवला की लगेच कळवायचं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण तेच तोंड इस्त्रीवाल्याला काय बोललं होतं ते सगळ्यांनी ऐकलेलं. मग दादाने काय करावं? त्याच्या स्वतःच्या वहीत बगळ्याचा ठसा होता. तो समोर ठेवून त्याने नवा बगळा कोरला. मोडक्या चोचीसकट. तसाच डबा आणला, त्यात कोरी वही घातली, आणि नव्या भिंतीत जुन्याच जागी बसवून दिला. बाईंना म्हणाला, जुनी वही ओली झाली, वाळायला दाबून ठेवली आहे.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण नवी वही कोरी ती कोरीच राहिली. पहिल्या महिन्यात ती बघून बाईंनी मान भिंतीकडे वळवली. भाचीने जिन्यात सांगितलं की हल्ली जेवत नाहीत, व्यायाम सांगितलाय तो करत नाहीत, कशासाठी उठू म्हणतात. दादा घरी आला आणि त्याने एक माणूस कोरला. म्हणजे नसलेल्या माणसाचा ठसा. वाऱ्याने उलटलेली छत्री. तो कोऱ्या पानावर उठवला आणि शेजारी डाव्या हाताने लिहिलं, पाय दुखले, पण बगळा भेटला. पहिलं खोटं अब्रूसाठी होतं. दुसरं दयेपोटी होतं, आणि दयेपोटी बोललेल्या खोट्याला लगाम राहत नाही, कारण ते बोलताना माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं.

बाईंना छत्री फार आवडली. कोण असेल, किती वयाचं असेल, पाय दुखतात म्हणजे माझ्यासारखंच कोणी असेल. त्यांनी त्याच पानावर खाली लिहिलं की माझेही दुखतात, पुन्हा या. आणि छत्री पुन्हा आली. न येऊन सांगते कुणाला! दर महिन्याला यायची, एक ओळ लिहून जायची. बाई तिला उत्तर लिहायच्या. मधूनच दादाने एक कासव आणि एक कंदीलही पाठवून बघितला, पण बाई ते पान उलटून छत्री शोधायच्या.

मला कळलं ते असं. एके दुपारी मी पडदा सारला तर दादा डाव्या हाताने लिहीत बसलेला, जीभ दातात धरून, पहिलीतल्या पोरासारखा. समोर ती छत्री. मी म्हटलं, हे काय? त्याने सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, काचेवरचा नसलेला डाग पुसत होता. मला इतकी शरम वाटली की मी जाऊन दुकानाचं दार लावून घेतलं, जणू रस्त्यावर ऐकू जाईल. मी त्याला वाट्टेल ते बोलले. आजारी बाईला खेळवतोस? इस्त्रीवाल्याला शिकवायला निघाला होतास ना? दादा म्हणाला, अगं, पण बाई चालायला लागल्यात.

ते खरं होतं. बाईंनी छत्रीला लिहिलं होतं की मी तिथवर येऊ शकले तर तुम्ही भेटाल का. आणि या शहाण्याने हो लिहिलं होतं! तेव्हापासून बाई वॉकर धरून उठायला लागल्या होत्या. आधी खाटेपासून कपाटापर्यंत, मग खिडकीपर्यंत. खिडकीपाशी घामाघूम होऊन उभ्या राहायच्या आणि भाचीला सांगायच्या, आता गॅलरी, मग जिना, मग कालवा. दादाची झोप उडाली. जिना उतरून बाई त्या भिंतीपाशी पोचल्या तर तिथे कोण येणार होतं?

मी म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते. त्याने वेगळाच तोडगा काढला. छत्रीची बदली झाली, ती दूर निघाली, असं लिहायचं आणि विषय संपवायचा. मी चिडले, पण मनातून मलाही वाटलं की बाईंच्या मनाला हेच कमी लागेल. रविवारी आम्ही निघालो. बाईंचं एक जुनं चित्र त्यांनी फ्रेमला दिलं होतं, ते मोठं होतं म्हणून मी बरोबर. दादाच्या पिशवीत नव्या बगळ्याचा डबा, त्यातल्या वहीत छत्रीचा निरोप. बदली झाली, निघावं लागतंय, बगळ्याला सांभाळा. आणि रुमालात गुंडाळलेला छत्रीचा ठसा, येताना कालव्यात टाकायला.

भाचीने दार उघडलं, आज बाई खुशीत आहेत म्हणाली. आम्ही आत गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर डबा होता. जुना. झाकणावर काळ्या ग्रीसची बोटं उमटलेली.

सकाळी पंपवाला येऊन देऊन गेला होता. कालव्यावर एक छोटं पंपघर आहे. तिथल्या झरोक्याच्या जाळीमागे त्याला तो सापडला. झाकणाच्या आत चिठ्ठी होती, हा खेळ आहे, डबा अडचणीत सापडला तर या पत्त्यावर द्यावा, आणि खाली बाईंचा पत्ता. प्रत्येक डब्यात अशी चिठ्ठी चिकटवायची ही दादाचीच शिस्त. पंपघराचं नाव ऐकताच दादाचा चेहरा मी बघितला. त्याला सगळं आठवलं होतं. जाळी, तिचा वाकलेला कोपरा, सगळं. आता आठवून काय उपयोग!

बाईंना राग आलाच नव्हता. त्यांना वाटत होतं कोणी डबा पळवून तिथे टाकला असेल. म्हणाल्या, बघा, सापडला, आणि वही तर कोरडी ठाक आहे, ओली कुठे झाली होती? बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला. त्यांनी दादाकडे हात पुढे केला. दादाने दुसरा डबा दिला. बाईंनी दोन्ही ठसे काढले, स्टॅम्पपॅडवर दाबले आणि एका कागदावर शेजारी शेजारी उठवले. दोन बगळे. दोघांच्या चोची मोडलेल्या. बाईंनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला.

"चोचही मोडलीत," त्या म्हणाल्या. "माझा चाकू घसरला होता. तुम्ही मुद्दाम मोडलीत."

दादाने तोंड उघडलं. मला ठाऊक होतं काय येणार, आयुष्यभर ऐकलंय. म्हणाला, त्या भिंतवाल्यांनी काम वेळेत केलं असतं तर. वाक्य त्याने पुरं केलं नाही. बाईंनी कागद खाली ठेवला. मी त्या चित्राची फ्रेम छातीशी धरून उभी होते, खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

बाईंनी विचारलं, "छत्री कोण आहे?"

"मी, बाई," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द अशा वेळी आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

भाची दारात येऊन थांबली होती, तिलाही कळेना. मग बाई म्हणाल्या, "डबा हरवला सांगितलं असतंत तर मी दुसरा कोरला असता. डबे हरवतातच. छत्रीसाठी मी त्या खिडकीपर्यंत चालत गेले हो."

त्यांनी छत्रीचा ठसा मागितला. दादाने रुमाल उलगडून तो दिला. वर्गात आमची कामं तपासायच्या तशा त्यांनी अंगठ्याने त्याच्या रेघा चाचपल्या आणि म्हणाल्या, काड्या फार जाड ठेवल्यात, वाऱ्याने उलटलेली छत्री एवढी जाड नसते, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, जमिनीने आता मला पोटात घ्यावं. दादा उभा होता तसा खाली बसला, खुर्ची जवळ असून फरशीवर.

निघताना बाईंनी एकच सांगितलं. जुना डबा जुन्या जागी ठेवा, आणि दर महिन्याला वही आणून दाखवा. जी असेल ती. ठसा त्यांनी ठेवून घेतला.

येताना दादा घरी न वळता रस्ता ओलांडून इस्त्रीवाल्याकडे गेला. मी लांबून बघत होते. त्याला सगळं सांगितलं असावं, कारण इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे स्टूल सरकवलं. लोकांनी दादाच्या गळ्यात घातलेले डबे आता इस्त्रीवालाच सांभाळतो. चौकीदार कोणी म्हणत नाही. चुकून कोणी म्हटलंच तर दादा आतल्या खोलीत निघून जातो.

बाईंचा डबा मात्र दादाकडेच राहिला. दर महिन्याला मीही बरोबर जायला लागले, कारण एकट्याला जिना चढवत नाही असं तो म्हणाला, आणि त्याचे गुडघे तर ठणठणीत आहेत. वर जायचं, वही उघडून कोरं पान दाखवायचं, आणि म्हणायचं, कोणी आलं नाही, बाई. त्या म्हणायच्या, बरं. वॉकर कपाटाशेजारी भिंतीला लावलेला असायचा आणि त्यावर भाचीचे टॉवेल वाळत असायचे. माझ्या डोळ्यांदेखत दादा महिन्या-महिन्याने वाकत गेला. पण एकदाही टाळलं नाही त्याने. ओरडायला मला कारण उरलं नव्हतं, तेही बरं वाटत नव्हतं.

आणि या महिन्यात दादा कालव्यावरून अक्षरशः पळत आला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोरच त्याने वही काउंटरवर उघडली. पानावर ठसा होता. एक बटण, चार भोकांचं, आणि त्यातून निघालेला बारीक दोरा, इतका बारीक की कोरणाऱ्याचा श्वास रोखलेला कळावा. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी दादाकडे रोखून बघितलं. देवाशपथ सांगते, पहिल्यांदा माझ्याही मनात तेच आलं. त्याने दोन्ही हात पुढे केले, शाईचा डागही नव्हता. मी गिऱ्हाइकाला उद्या बोलावलं, दुकान बंद केलं आणि आम्ही निघालो. जिन्यात तो माझ्या पुढे होता.

बाईंनी चष्मा लावला. पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं. तो दोरा कितीतरी वेळ बघितला, अंगठा त्यावरून फिरवला, शाई वाळलेली होती. दादा खाटेच्या कडेला उभा होता, परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा. म्हणाला, खरंच कोणीतरी आलं होतं, बाई.

बाईंनी वही मिटून त्याच्या हातात दिली. "छान कोरलंय," त्या म्हणाल्या. "हात बसला तुमचा."